हद्दीपलीकडचं अंगण

मिल रोड, व्हर्जिनिया
रविवार, १२ एप्रिल १९६४

प्रिय थर्मन,

पाकिटावर पाठवणारीचं म्हणून माझंच नाव घातलंय, तेव्हा हे तरी परत धाडू नकोस. आजवरची अकरा पत्रं तू न फोडता परत केलीस. ती बाबांची होती. अक्षर माझं असलं तरी शब्द त्यांचे होते, कारण सहीपलीकडे त्यांना काही लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. परत आलेलं प्रत्येक पत्र ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात आणि खिसा भरला की भिंतीवरच्या घड्याळामागे. आजचं पत्र मात्र माझं स्वतःचं आहे. बाबा समोरच बसलेत. चर्चच्या महिला मंडळाचा अहवाल लिहितेय अशी थाप मारलीय मी त्यांना.

आयोला मावशीचं पत्र आलं. ऑगस्टमध्ये तुला सोळा पूर्ण झाले की तू शाळा सोडणार आणि बाल्टिमोरच्या बंदरावर माल उचलायला जाणार, असं ती लिहिते. तिने कारण विचारलं तर म्हणालास, "माझ्या बापालाच मी शिकायला नको होतो, मग मी कुणासाठी शिकू?" मावशी रडली म्हणे. मी रडले नाही. धुतलेलं धुणं पुन्हा एकदा धुतलं, एवढंच.

परवा शाळेवरून गेले. दाराची साखळी पार गंजलीय आणि खेळाच्या मैदानात कुणीतरी गाय बांधली होती. काळी आणि गोरी मुलं एका वर्गात बसवा असं न्यायालयाने सांगितलं म्हणून जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांनाच कुलूप लावणारे आपले साहेब लोक! पाच वर्षं होतील आता. त्यांची मुलं त्यांच्या खाजगी शाळेत जातात, आणि आपली मुलं चर्चच्या तळघरात माझ्यासारख्या दहावी पास बाईकडून भागाकार शिकतात. शिकतात म्हणजे, बसतात.

तू तिकडे बाल्टिमोरला मावशीकडे आहेस, वर्गात आहेस. तुझ्याहून दोन वर्षांनी लहान पोरांमध्ये बसावं लागतं म्हणून तुझा जीव जळतो, तेही मावशीने कळवलंय. जळू दे, पण बस.

आणि बाबांबद्दल तुला जे वाटतं, ते खरं नाही. ते कसं, हे पुढे कधीतरी.

तुझी बहीण,
लुएला

रविवार, ३ मे १९६४

प्रिय थर्मन,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. अकरा पत्रांच्या मोबदल्यात चार ओळी म्हणजे तुझा व्यवहार चोख आहे.

तू लिहितोस, "तंबाखूच्या वाफ्यांवर बाबांना आणखी दोन हात हवे होते, ते मिळाले. शुक्रवारी ते ट्रकला टेकून प्रुएटशी बोलत होते आणि सोमवारी आमची नावं कापली गेली. मी बारा वर्षांचा होतो, मूर्ख नव्हतो. बाबांनी नाही सांगितलं तर कुणी सांगितलं?"

मूर्ख नव्हतास, पण फार शहाणाही नव्हतास. प्रुएट हा पलीकडच्या जिल्ह्याच्या शाळांचा तपासनीस. गोरा माणूस समोर येऊन बोलायला लागला तर बाबांनी काय ट्रक टाकून पळायचं होतं? उभे राहिले, "हो साहेब, नाही साहेब" म्हणाले, या वर्षी थंडी लांबली असं काहीतरी बोलले. त्यावरून तू एवढी मोठी गोष्ट रचलीस आणि तीन वर्षं उराशी धरून बसलास.

ते घर बाबांनी कशासाठी घेतलं होतं, हे विसरलास का? ओढ्याच्या पलीकडे, आपल्या जिल्ह्याची हद्द संपली की दोनशे पावलांवर, तीन खोल्यांचं, छप्पर दोन जागी गळणारं. त्या जिल्ह्यात राहणाऱ्यांच्याच मुलांना तिथल्या शाळेत घेत, म्हणून आपण तिथे 'राहत' होतो. रोज सकाळी बाबा तुला आणि शेजारच्या मॉटलींच्या चार मुलांना ट्रकमध्ये भरून घराच्या मागे उतरवत. मागच्या दाराने आत शिरायचं आणि बसचा भोंगा वाजला की पुढच्या दाराने बाहेर पडायचं. एकदा त्या रिकाम्या खोलीत दप्तरावर बसून तू मला विचारलंस, "लुएला, घर खोटं आहे, मग माझी शाळा खरी कशी?" मी म्हणाले, "सातचा पाढा म्हण, मग सांगते." तू म्हटलास, न चुकता म्हटलास.

बसमध्ये मलाही जागा होती. अकरावीला बसता आलं असतं. पण घर नांदतं दिसायला कुणीतरी हवं, असं मीच म्हणाले. म्हणून चूल पेटवून धूर काढणं, दोरीवर धुणं घालणं, आईच्या जुन्या झग्याचे पडदे लावणं आणि अंगण झाडणं ही सगळी माझी कामं झाली. ती मी मन लावून केली. जरा जास्तच मन लावून केली.

कुणी सांगितलं म्हणून विचारतोस. कुणीही सांगितलं नाही, थर्मन. चर्चमध्ये बसून लिहितेय, खालच्या तळघरात रविवारच्या पाठाला मुलं जमायला लागलीत, त्यांचा गोंगाट इथवर येतोय. आज एवढंच.

लुएला

मंगळवार, २६ मे १९६४

प्रिय थर्मन,

तिकडच्या वर्तमानपत्रात आलंच असेल. काल सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शाळा उघडा, आणि आता टाळाटाळ चालणार नाही. चर्चची घंटा वाजायला लागली तेव्हा बाबा शेतात होते. कुणी गेलं की काय असं वाटून ते टोपी काढून उभे राहिले. मॉटलीबाई धावत बांधावर गेल्या आणि त्यांना सांगितलं. बाबांनी टोपी पुन्हा घातलीच नाही, हातात धरून घरी आले.

सप्टेंबरमध्ये शाळा सुरू होतील. ज्यांची वयं उलटून गेली आणि शिक्षण अर्धवट राहिलं, त्यांनाही घेणार आहेत म्हणे. आता शाळा उघडतायत म्हटल्यावर मला गप्प बसवत नाही. गेला दीड महिना मी या गोष्टीभोवती घिरट्या घालतेय. आता सरळ लिहिते.

मार्च महिन्यातला तो सोमवार. सोमवारी धुणं असायचं, म्हणून मीही तुमच्याबरोबर ट्रकमधून आले होते. मी आत चूल फुंकत बसले होते, तेवढ्यात बस येऊन तुम्हाला घेऊन गेली. दहाच्या सुमाराला मी घराच्या बाजूच्या दोरीवर चादरी टाकत असताना प्रुएटची गाडी येऊन रस्त्यावर थांबली. तो अंगणात आला नाही. रस्त्याच्या कडेलाच उभा राहिला.

"या घरात माणसं किती गं, मुली?"

"सात, साहेब. वडील, मी आणि पाच पोरं."

"पोरं शाळेत गेली?"

"केव्हाच, साहेब."

"या दारातून?"

"घरातली माणसं पुढच्याच दाराने जातात, साहेब."

त्याने दारापासून रस्त्यापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाला, "अंगण छान झाडतेस."

थर्मन, मला ते ऐकून बरं वाटलं. ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. सकाळपासून खोटं बोलत असलेली मी, त्या माणसाने अंगणाला छान म्हटल्याबरोबर सुखावले. तुला आठवतं, आई अंगणात गवताचं एक पातं टिकू द्यायची नाही. डॉगवूडच्या फांद्यांचा खराटा बांधायचा आणि दारापासून रस्त्याकडे अशा रेघा ओढत जायचं की माती विंचरल्यासारखी दिसावी. त्या गळक्या घरातली तेवढी एकच गोष्ट खरी होती आणि ती माझ्या हातची होती.

"आईने शिकवलंय, साहेब," मी म्हणाले.

"कधी झाडलंस?"

'आत्ता' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. बाकी एवढं खोटं बोलले, त्यात आणखी एक. पण सोमवारी सकाळी दहा वाजेपर्यंत जिचं अंगण झाडायचं राहतं अशी बाई मी आहे, असं त्या माणसाला वाटू देणं मला जमलं नाही. मी मान ताठ करून म्हणाले, "शनिवारी, साहेब. आमच्यात शनिवारीच अंगण झाडतात. रविवारी आम्ही खराट्याला हात लावत नाही."

"असं," तो म्हणाला. "म्हणजे काल चर्चला कुणी गेलं नाही वाटतं."

तेव्हा मी खाली पाहिलं. दारापासून रस्त्यापर्यंत नुसत्या माझ्या खराट्याच्या रेघा होत्या, शनिवारी ओढल्या तशाच. एक पाऊल नव्हतं, कोंबडीची नखंसुद्धा नव्हती. सात माणसांच्या घरातून दोन दिवसांत कुणी बाहेर पडलेलं नव्हतं. प्रुएट मधूनच चालत दारापर्यंत आला, उघड्या दारातून आत डोकावला आणि तसाच मधून परत गेला. वहीत काहीतरी लिहिलं. तो आवाज चढवून बोलला नाही, उलट मृदूपणे म्हणाला, "दुपारी बस मुलांना सोडून जाईल. उद्यापासून इथे थांबणार नाही."

त्या दिवशी जेवताना तू विचारलंस, "कुणी सांगितलं?" बाबा म्हणाले, "माझ्याच हातून झालं असेल काहीतरी." मी ताटात पाहत राहिले. तू त्यांच्याकडे पाहत होतास, म्हणून माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मला वाटलं, त्यांना अंदाज आला असावा आणि मला वाचवायला म्हणून ते तसं बोलले. तू वेगळाच अर्थ काढलास, तो मला दिसत होता आणि मी तो काढू दिला. दुसऱ्या दिवसापासून तू वाफ्यांवर राबायला लागलास, सप्टेंबरमध्ये मावशीकडे गेलास, जाताना बाबांचा हातही हातात घेतला नाहीस. मी तुला शिदोरी बांधून दिली आणि तेव्हाही बोलले नाही. मॉटलींची क्लिओना त्या दिवसानंतर शाळेत गेली नाही. ती सतरा वर्षांची आहे, एका गोऱ्या कुटुंबाकडे स्वयंपाक करते आणि रस्त्यात भेटली की मला हसून हात करते. तोही हिशेब माझाच आहे.

एकच गोष्ट मला अजून उमगत नाही. तुम्ही पाचजण पुढच्या दाराने बसकडे गेलात, मग तुमची पावलं कुठे गेली? हे कुणाला विचारायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून मी विचारलं नाही.

लुएला

रविवार, १४ जून १९६४

प्रिय थर्मन,

तुझं उत्तर नाही. मी वाट पाहत नव्हते असं नाही, पण ठीक आहे.

गुरुवारी मी बाबांना सांगितलं. तंबाखूत खुरपणी चालली होती, ते एका ओळीत आणि मी शेजारच्या. सगळं सांगितलं, साहेबाने छान म्हटल्यावर मला बरं वाटलं तेसुद्धा. त्यांनी हातातली ओळ संपवली. मग खुरपं मातीत रोवून उभे राहिले.

"शनिवारी झाडलेलं होतंस ना ते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"त्या सकाळी पोरांना मागे उतरवलं आणि बस दिसते का पाहायला मी घराला वळसा घालून पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. अंगण बघितलं. तुझ्या आईचाच हात वाटला मला. ती गेल्यावर तसं झाडलेलं कुठे बघितलं नव्हतं. मग मीच पोरांना म्हटलं, कुंपणाच्या कडेने जा रे, लुएलाचं अंगण मोडू नका. शहाण्यासारखी गेली बिचारी. भिंतीला धरून, मग कडेच्या गवतावरून, एकामागोमाग एक. थर्मन सगळ्यांत पुढे."

मी खुरपं खाली ठेवलं.

"दुपारी आलो तर मधोमध त्या साहेबाचे बूट. एक रांग आत आलेली, एक बाहेर गेलेली. तेव्हाच कळलं मला, आपण काय करून बसलो ते."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"बोललो की. जेवताना सांगितलं ना, माझ्याच हातून झालं म्हणून. तुम्ही कुणी पुढे विचारलंच नाही."

थर्मन, मी तिथेच मातीत बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडायला कधी लागले ते कळलं नाही. तीन वर्षं एका छपराखाली, एका टेबलावर आम्ही दोघं गुन्हेगार जेवत होतो, आणि एकमेकांना वांगी-बटाटे वाढत होतो. बाबा म्हणाले, "ऊठ, ऊन चढतंय." पण त्यांनी मला हात देऊन उठवलं आणि पुढची सबंध ओळ माझ्याच ओळीला लागून चालले.

आता तू आठवून बघ. कडेच्या गवतावरून, सगळ्यांत पुढे. कुणी झाडलेल्या अंगणावरून आपण कधी आडवेतिडवे गेलो नाही, आईने तसं वळणच लावलं नव्हतं. साऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाची पोरं असती तर धावत मधून गेली असती, आणि आज तू असा मागे पडला नसतास. मी कुणाला दोष देत नाही. तुम्ही मोडलं असतंत तर तुमचे कान उपटणारी मीच होते.

माफी मागण्यासाठी हे लिहीत नाही. ती तू द्यायची की नाही, ते तुझं तू बघ. माझं मागणं वेगळं आहे. बाबांना तू शिकायला हवा होतास. त्यासाठी त्यांनी हद्दीपलीकडे एक सबंध घर मांडलं. शाळा सोडायचीच असेल तर कंटाळा आला म्हणून सोड, बंदर आवडतं म्हणून सोड. त्यांच्या नावावर सोडू नकोस.

लुएला

रविवार, १३ सप्टेंबर १९६४

प्रिय थर्मन,

तू गेल्याला तीन आठवडे व्हायला आले, आणि अंगण अजून झाडलेलं नाही. मॉटलीबाई कुंपणावरून दोनदा डोकावून गेल्या. काल तर विचारलंच, "लुएला, बरं आहे ना गं तुला?"

पत्राला उत्तर दिलं नाहीस आणि स्वतःच येऊन उभा राहिलास. ही रीत कुठली? शनिवार होता, मी नुकतीच झाडून झाले होते, खराटा हातातच होता. तू कुंपणाच्या फाटकात थांबलास. उंची एवढी वाढलीय हे मावशीने लिहिलं नव्हतं. बाबा ओसरीवर शेंगा सोलत होते, ते उठले नाहीत. मला वाटतं, त्यांना उठता आलं नाही.

तू जमिनीकडे पाहिलंस. मग माझ्याकडे. आणि पिशवी खांद्यावर घेऊन कुंपणाच्या कडेने गवतावरून वळलास, जसा लहानपणापासून वळत आलास.

"मधून ये," बाबा म्हणाले.

तू थांबलास.

"मधून ये रे, बाळा."

मग तू आलास. ते टोकदार शहरी बूट घालून, सगळ्या रेघा मोडत, सावकाश. ओसरीच्या पायरीपाशी पोचलास तेव्हा बाबांच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या होत्या, आणि त्या दोन दिवस कुणी गोळा केल्या नाहीत. तुम्ही दोघं काय बोललात ते मी ऐकलं नाही. मी मुद्दाम विहिरीवर गेले होते, आणि बादली भरायला कधी नव्हे इतका वेळ लावला.

घड्याळामागची अकरा पत्रं तू बरोबर नेलीस. बसमध्ये सगळी वाचून काढलीस आणि उतरताना डोळे लाल होते, असं मावशी कळवते. धूळ गेली असेल. तू मंगळवारी नववीच्या वर्गात जाऊन बसलास, तेही तिने कळवलं. बंदर कुठे पळून जात नाही. ते तीन-चार वर्षं थांबेल.

आता माझं सांगते. गेल्या मंगळवारपासून मी अकरावीत आहे. बाविसाव्या वर्षी. आमच्या शिक्षिका माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या आहेत, आणि वर्गातल्या निम्म्या पोरी मला अजून 'मिस लुएला' म्हणतात, कारण त्यांना भागाकार मीच शिकवला. तो चुकीचा शिकवला होता असं आता निघालंय. सगळ्या शाळेत गोरी मुलं चार. बाकीची आपल्या खाजगी शाळेतच आहेत, पण ती चार आहेत. क्लिओनालाही मी घेऊन गेले. तिला मी सगळं सांगितलं होतं. तिने हात पुसले. मग म्हणाली, "आम्हालाही वाटलं होतं, किती छान झाडलंय." एवढंच म्हणाली. बसमध्ये ती माझ्याशेजारी बसते. मला ते जड जातं, पण मी बसते.

तू नववीत, मी अकरावीत. दोनच इयत्तांचं अंतर आहे, तेव्हा नापास होऊ नकोस आणि मलाही होऊ देऊ नकोस. भूमिती मला बिलकूल कळत नाही. तुला येत असेल तर पुढच्या पत्रात वर्तुळाचं समजावून सांग.

काल शनिवार होता. मी खराटा शोधत होते, तर बाबांनी तो कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकून दिलेला. मी म्हणाले, "बाबा, लोक काय म्हणतील? घरात बाई नाही असं वाटेल." ते म्हणाले, "राहू दे. कुणी बघायला आलंच तर दिसू दे."

मी दारात उभी राहून पाहिलं. पाऊस नाही, माती कोरडी आहे. दारापासून थेट रस्त्यापर्यंत, जिथे बस थांबते तिथपर्यंत, माझ्या बुटांची पायवाट पडलीय, सकाळची जातानाची आणि दुपारची येतानाची. कुणालाही त्यावरूनच कळेल की या घरातून रोज कुणीतरी शाळेत जातं. तुझ्या बुटांचे ठसे त्याखाली बुजत चाललेत.

तेव्हा नाताळला ये. आणि मधून ये.

तुझी बहीण,
लुएला